अळीचं माहेर

पेरणीचे दिवस आले की आमच्या गावच्या कृषी केंद्रासमोर, नालीच्या काठाकाठानं एक म्हातारा वाकून वाकून लहान पुड्या वेचताना दिसायचा. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन, पायात रबरी चप्पल, आणि खांद्याला शाळेतल्या वह्या न्यायचा तोच जुना झोला. हिंगणघाटच्या एस.टी.तून उतरलेल्या नव्या माणसाला वाटायचं, बिचारा भंगार वेचतो. मग पानठेल्यावरचं कोणीतरी हसून सांगायचं, भंगारवाले नाई जी, ते आमचे विज्ञानाचे सर आहेत, अळ्या पाळतात.

मी स्पष्टच सांगते, सर वेडे नव्हते. मी शाळेत हिंदी शिकवायची, सरांसोबत एका स्टाफरूममध्ये माझी निम्मी नोकरी गेली. त्यांच्या घराची भिंत माझ्या घराला लागून होती आणि त्यांचं वावर आमच्या वावराच्या धुऱ्याला, बांधाला बांध. वेडा माणूस मला ओळखता येतो, आमच्या शिक्षण खात्यात त्यांची कमी नव्हती. सर हट्टी होते, तऱ्हेवाईक होते, बोलायला लागले की ऐकणारीची भाजी करपायची. पण वेडे नव्हते. त्यांना वेडं म्हणणाऱ्यांचा मला अजून राग येतो, आणि तो आता कोणावर काढायचा तेही समजत नाही.

दहावीच्या वर्गात आनुवंशिकतेचा धडा आला की ते घरून बाजेची सुतळी घेऊन यायचे. पोरांसमोर तिचा पीळ उलगडायचा, कैचीनं मधला तुकडा काढायचा, तिथं रक्षाबंधनातला लाल दोरा जोडायचा आणि पुन्हा पीळ द्यायचा. ही सुतळी म्हणजे कापसाच्या झाडाच्या पेशीतली गुणांची दोरी, आणि हा लाल दोरा मातीतल्या एका जिवाणूचा, असं ते सांगत. दोरा गेला तिथं गुणही गेला. मग पानं खाल्ली की अळीचं पोट बिघडतं आणि ती मरते, माणसाला मात्र काही होत नाही. पोट्टे ती सुतळी हातोहात फिरवत आणि दोरा ओढून काढायला बघत. सर खूश होऊन म्हणत, ओढा, निघाला तर मी मिशा काढतो. दोरा निघत नसे. इकडे घरी बाज दरसाल थोडी आखूड व्हायची, आणि तिच्यावर निजणाऱ्या काकू भिंतीपलीकडून मला ऐकू येईल इतक्या जोरात नवऱ्याचा उद्धार करायच्या.

एकदा ते स्टाफरूममध्ये पेढ्यांचा पुडा घेऊन आले. सरांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे हेडमास्तरांना वाटलं, भाच्याचं कुठंतरी जमलं असेल. कोणाचं ठरलं, त्यांनी विचारलं. "कापसाचं," सर म्हणाले. परदेशात असा कापूस खरंच शेतात उभा झाला, अशी बातमी त्यांनी त्या दिवशी पेपरात वाचली होती. हेडमास्तरांनी पेढा तोंडात टाकला होता, म्हणून त्यांना अभिनंदन म्हणावं लागलं. आम्ही पुढे कितीतरी दिवस ती नक्कल करून हसत होतो. मीही हसत होते.

पण ही विद्या त्यांच्या डोक्यात शिरली ती पुस्तकातून नव्हे, काकूंच्या दुखण्यातून. काकूंना शुगर होती, आणि गोळ्यांनी ती आटोक्यात येईना. डॉक्टरांनी इन्सुलिनची सुई लिहून दिली. कंपाउंडरनं आगाऊपणानं सांगून टाकलं की हे औषध गाईच्या नाहीतर डुकराच्या शरीरातून काढतात. झालं. काकू माळकरी. त्यांनी बाटली उंबऱ्याबाहेर ठेवली आणि मेले तरी चालेल म्हणाल्या. खरंच मरायला टेकल्या होत्या. त्यांच्या पायाची जखम चिघळली होती, जीभ कोरडी पडली होती, आणि सर रोज शाळेतून पळत घरी जायचे. मग कुठून तरी त्यांना कळलं की नवं इन्सुलिन निघालं आहे, त्यात जनावर नाही. माणसाच्याच शरीरातला गुण एका जिवाणूत जोडला आहे आणि तो जिवाणू ते औषध तयार करतो. सरांनी हिंगणघाट, वर्धा सगळं पालथं घातलं, ती बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून आणली आणि काकूंच्या मांडीशी ठेवून म्हणाले, "हे माणसाचंच आहे. फक्त दुसऱ्याच्या हातून करून घेतलं. आता तरी घे." काकूंनी घेतलं. त्या जगल्या.

त्या वर्षी दसऱ्याला आमच्याकडच्या पाटावर विळे, कोयता, शिवणयंत्राची कैची मांडली होती. सरांच्या पाटावर मधोमध इन्सुलिनची बाटली होती, तिला हळदकुंकू लावलेलं, वर झेंडूचं फूल. दर दसऱ्याला मग तेच. गावात लाईन जायची ती तासन्‌तास यायची नाही, आणि फ्रिज तरी किती घरी होते. सरांनी कोपऱ्यात एक माठ ठेवला होता, त्यात ओली रेती, रेतीत डब्बी, डब्बीत बाटली. सकाळ-संध्याकाळ त्या रेतीवर पाणी शिंपडायचं काम त्यांनी कधी दुसऱ्या कोणाला करू दिलं नाही. गावाला गेले तर मुक्काम करायचे नाहीत, रेती वाळेल म्हणून. लग्नकार्यात जेवण अर्ध्यावर टाकून उठायचे आणि लोकांना वाटायचं, अन्न आवडलं नाही.

आपल्याकडे तो लाल दोऱ्याचा, बीटी कापूस आला तेव्हा सर निवृत्त झालेले होते. त्यांनी घरोघरी जाऊन त्याची जाहिरात केली, तीही फुकटात. आमचे हे आधी नाही म्हणत होते, त्यांना सरांनीच तयार केलं. पहिल्या हंगामात अळी दिसली नाही, फवारे वाचले, हातापायांची आग वाचली. गावानं सरांना चावडीवर नारळ दिला. त्यांचाच जुना विद्यार्थी विलास कृषी केंद्र चालवायचा, तो तर गिऱ्हाइकाला सांगायचा, आमच्या सरांनी हे दहावीतच शिकवलं होतं.

फक्त एक गोष्ट कोणी ऐकली नाही. बीटीच्या मोठ्या थैलीत एक लहान पुडी निघायची, साध्या सरकीची. ती वावराच्या कडेनं पेरा, असं थैलीवरही लिहिलेलं असायचं आणि सरही घसा फोडून सांगायचे. लोक दुकानासमोरच थैली फोडायचे, मोठी पिशवी घ्यायचे आणि लहान पुडी नालीत टाकायचे. जी चीज फुकटात मिळते ती हलकीच असणार, हा आमच्याकडचा हिशेब. त्यातून या साध्या झाडाला अळी लागणार, हे माहीत असताना ते पेरायचं कशाला? कोणी बी न उगवलेल्या, नांगी पडलेल्या जागी टोबायचे, बाकीचे फेकायचे. आमच्या ह्यांनी ती धुऱ्यावर भिरकावली, ते मी डोळ्यांनी पाहिलं.

सरांनी हे समजावण्यासाठी सोयरिकीचं उदाहरण काढलं होतं. हजारो अळ्या बीटी खाऊन मरतात, पण एखादी अशी निघते की तिला ते विष पचतं. अशा दोघींचीच लेकरं आपसात सोयरीक करायला लागली तर पुढचं सगळं गोत पचवणारं होईल, मग तुमची थैली घ्या नाहीतर माती पेरा. म्हणून आजूबाजूला साध्या कापसावर वाढलेल्या भोळ्या अळ्याही पुष्कळ पाहिजेत. पचवणारीची सोयरीक भोळ्या घरात झाली की लेकरं पुन्हा बीटी खाऊन मरतात. "पोरीले जसं माहेर लागते," ते म्हणायचे, "तसं अळीले बी एक माहेर ठेवा." लोकांना सोयरीक समजायची आणि मोठं हसू यायचं. अळीचं लगन, सरांचा आहेर, असले विनोद पानठेल्यावर चालायचे. पुडी नालीतच जायची.

मग सरांनी गावाच्या वाटचं माहेर स्वतःच मांडलं. नालीतून, दुकानाच्या पायरीवरून पुड्या वेचायच्या, घरी आणून वाळवायच्या आणि आपलं सगळं वावर त्या साध्या सरकीनं पेरायचं. वावर खरं तर काकूंचं होतं, त्यांच्या वडिलांनी लेकीला दिलेलं. मी काकूंना विचारलं, तुम्ही कशा तयार झाल्या? काकू कणीक मळत होत्या. म्हणाल्या, माझ्या बापानं देताना सांगितलं नव्हतं कोणाला खाऊ घालू नको म्हणून.

अळ्यांनी मात्र मन लावून खाल्लं. आमची पऱ्हाटी, कपाशीची झाडं, हिरवीगार, आणि धुऱ्यापलीकडे सरांची भोकाभोकांची. निघायची ती निव्वळ कवडी, पिवळा किडका कापूस. वेचणाऱ्या बाया त्या वावरात यायला तयार नसत, मग सर आणि काकू दोघंच वेचायचे, मी शाळा सुटल्यावर जायची. सर बोंड फोडून आत बघायचे आणि अळी दिसली की पोरानं पेपर चांगला लिहिल्यासारखे मान डोलवायचे. संध्याकाळी त्या अळ्यांची झालेली पाखरं उडाली की आमच्या ह्यांना हाक मारून सांगायचे, चालल्या बरं तुमच्याकडे, सोयरिकीला. हे दात खाऊन घरात यायचे.

मी एकदा चिडून म्हटलं, सर, एवढ्या गावाला तुमचं एक वावर कुठं पुरणार? त्यांनाही ते माहीत होतं. माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. ते म्हणाले, "बाई, हिची बाटली आणि तुमची थैली एकाच विद्येची. हिच्या बाटलीले मी पाणी शिंपतो म्हणून ते टिकते. तुमच्या थैलीले कोण शिंपून राह्यलं, सांगा."

असे काही हंगाम गेले. मग एका वर्षी, हंगाम सरत आला असताना, गावात दोन-चार ठिकाणी बीटीच्या बोंडात अळी निघाली. फार नव्हती. पण गावात बोंब व्हायला तेवढी पुरली. मारुतीच्या पारावर लोक जमले आणि अळी कुठून आली याचा निकाल पाच मिनिटांत लागला. अख्ख्या शिवारात अळ्या पाळणारा एकच माणूस होता. तरी आमच्या गावाचं एक सांगायला पाहिजे, सरांना कोणी वेडंवाकडं बोललं नाही. पारावर बसलेले निम्मे त्यांच्या हाताखालून गेलेले. विलास म्हणाला म्हणे, सर थकले आहेत, फवारणी त्यांच्यानं होत नाही आणि सांगायला त्यांना लाज वाटते, आपणच काहीतरी करू. लोकांना ते पटलं. अगदी मनापासून पटलं, हेच तर वाईट.

पुढच्या शिक्षकदिनाला शाळेनं सरांचा सत्कार ठेवला. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. सर इस्त्रीचा शर्ट घालून आले, काकू पहिल्या रांगेत बसल्या. वावरात पाती-फुलं लागली होती, सकाळीच ते मला सांगत होते की औंदा अळी वेळेवर आहे. शाल झाली, श्रीफळ झालं. मग विलास माइकवर आला. त्याला बोलायची सवय नव्हती. सरांनी आपल्याला घडवलं, सरांना मूलबाळ नाही, आपणच त्यांची लेकरं, असं तो म्हणाला. आणि मग त्यानं सांगितलं की आज सकाळपासून गावच्या सगळ्या माजी विद्यार्थ्यांनी मिळून सरांच्या वावरात फवारणी केली आहे. औषध दुकानातर्फे. हंगाम संपेपर्यंत दर पंधरवड्याला पाळी लावली आहे. ही आमची गुरुदक्षिणा.

टाळ्या थांबेनात. पोरं बाकावर उभी राहिली. मी सरांकडे बघितलं. त्यांनी शाल खांद्यावरून काढली, घडी घातली आणि मांडीवर ठेवली.

"सगळ्या वावरात?" त्यांनी विचारलं.

"पऱ्हाटीची एक ओळ बी नाई सोडली, सर," विलास म्हणाला आणि त्यांच्या पाया पडला. सरांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. ठेवावाच लागला. मी त्यांना दोन शब्द बोलायची विनंती केली, कार्यक्रमपत्रिकेत तसं होतं. ते उठून माइकसमोर आले, समोरच्या पोरांकडे बघत राहिले, आणि "बसा" एवढंच म्हणून परत जागेवर गेले. लोकांना वाटलं, गहिवरले.

कार्यक्रम संपल्यावर मी त्यांच्यासोबत वावरात गेले. धुऱ्यापासूनच वास येत होता. पानांवर औषध वाळलेलं, खाली भोळ्या अळ्या मरून पडलेल्या. दोन पोरं पंप धुवत होती, त्यांनी लगबगीनं येऊन नमस्कार केला. काकू पोरांसाठी चहा घेऊन मागून आल्या, दारी आलेल्याला त्या कधी तसं पाठवत नसत. सर धुऱ्यावर बसले. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. पण रागवायचं कोणावर? सगळे चांगले होते. सगळे त्यांचेच होते, त्यांनीच शिकवलेले. आपण आयुष्यभर काय शिकवलं, असं ते एकदा पुटपुटले, आणि मी ऐकलं नाही असं दाखवलं.

पंधरवड्यांच्या पाळ्या नेमानं झाल्या. गावानं दिलेला शब्द पाळला.

पुढच्या पेरणीला सर पुड्या वेचायला गेले नाहीत. एक दिवस मी आणि ते एस.टी.ची वाट बघत उभे होतो, काकूंची बाटली आणायला ते हिंगणघाटला निघाले होते, ओलं फडकं हातात. समोरून विलास पळत आला, त्याच्या खांद्यावर अर्धं भरलेलं पोतं. म्हणाला, सर, तुम्ही आले नाहीत म्हणून मीच सगळ्या पुड्या गोळा करून ठेवल्या, एकही नालीत जाऊ दिली नाही. त्याचा चेहरा असा की पहिला नंबर आलेला पोरगा प्रगतिपुस्तक दाखवतो आहे.

सरांनी पोत्यात हात घातला, एक पुडी काढली, ती उलटीपालटी केली आणि परत आत टाकली. "पेरू कोणासाठी रे?" ते म्हणाले. "खाणारे तर तुम्ही मारले."

विलासला काहीच कळलं नाही. गाडी आली आणि सर चढले.

काकूंचं वावर त्यांनी विलासलाच बटईनं, अर्ध्या वाट्यावर, दिलं. त्यानं इमानदारीनं केलं, या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत बीटी. सर मग फार दिवस जगले नाहीत. त्यांना कोणता रोग होता, असं लोक विचारतात. मला माहीत नाही. शेवटच्या दिवसांत त्यांना माणसांची ओळख राहत नव्हती, पण संध्याकाळ झाली की उठून कोपऱ्यातल्या माठाकडे जायचे आणि रेती चाचपून बघायचे. ते गेले त्या दिवशी मढं अंगणात असताना काकू घरात गेल्या. मला वाटलं, त्यांना रडायचं असेल. आत जाऊन बघते तर त्या रेतीवर पाणी शिंपडत होत्या.

त्यानंतर काही वर्षांनी काकूंच्या वावरात सीतादही होतं. पहिल्या वेचणीआधी आमच्याकडे बाया पऱ्हाटीची पूजा करतात आणि दहीभात चारी बाजूंना उडवतात, वावरातल्या जीवजंतूंच्या नावानं. सरांना हा विधी फार आवडायचा. तुमच्या सासवांना समजलं होतं, तुम्हाला समजत नाही, असं ते बायांना म्हणायचे. मीही गेले होते. काकूंना आता नीट दिसत नव्हतं, त्यांनी मला बोंड फोडून द्यायला सांगितलं. मी एक फोडलं, त्यात गुलाबी अळी. दुसरं फोडलं, त्यातही. तिसरं विलासनं फोडलं, मग चौथं. मग तो वेड्यासारखा फोडतच सुटला, आणि बाया पूजा सोडून बघत राहिल्या. शेजारी आमचं वावर, तिथंही तेच. पुढेही तेच. सगळ्या शिवारात तेच होतं.

विलास किडकी बोंडं ओंजळीत घेऊन काकूंसमोर बसला. त्याचे केस पांढरे व्हायला लागले होते. फवारा मारून झाला, दोनदा मारला, पण अळी आत बसली आहे, तिला लागत नाही, असं तो सांगत होता.

"काकू," तो म्हणाला, "सर ते सोयरिकीचं काय सांगत होते वो? तुमाले माहीत आहे का?"

काकूंनी दहीभाताचं ताट खाली ठेवलं.

"आता इचारून राह्यला का बाबा," त्या म्हणाल्या. "मले त्यातलं काही समजत नाई. ते रोज माझ्या बाटलीले पाणी शिंपत होते, एवढंच मले माहीत आहे."